अण्णांचा 'शॅल', दादाचा 'विल'

गेल्या दिवाळीतली गोष्ट. चकलीचा शेवटचा घाणा उतरवून मी नुकती कुठे टेकले होते, तोच सहावीतला माझा नातू इंग्रजीची वही नाचवीत पुढे उभा राहिला. चाचणीत त्याने एका वाक्यात 'आय शॅल' असे लिहिले होते. लिहिले होते म्हणजे मीच तसे शिकवले होते. बाईंनी 'शॅल'वर काट मारून वर 'विल' लिहिले होते.

"आजी, बाई म्हणाल्या, शॅल आता कुणी वापरत नाही. तुझ्या आजीला सांग!"

पंचाहत्तरी गाठलेल्या बाईला आपल्याच घरात सहावीच्या मुलाकडून नापास व्हावे लागले, याचे मला फारसे काही वाटले नाही. त्या बाईंचेही काही चुकलेले नव्हते. पण काट लाल होती. आणि 'शॅल' व 'विल' या दोन शब्दांवर मारलेली लाल काट मी आयुष्यात पूर्वी एकदा पाहिली आहे. ती मात्र उलट होती. 'विल' खोडून वर 'शॅल' लिहिले होते. त्या काटेने आमच्या घरातली चांगली दोन वर्षे खाल्ली.

आमचे अण्णा ठाण्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. नौपाड्यात अडीच खोल्यांचे बिऱ्हाड, आई, दादा, मी आणि नेसफील्डसाहेबांचे व्याकरण असा त्यांचा संसार होता. पुढे शाळाशाळांतून रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले, पण अण्णांचे मन त्यावर कधी बसले नाही. हे रेनसाहेब पूर्वी हिंदुस्थानातल्या शिक्षणखात्यात होते आणि १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहून मोठे नाव मिळवले. अण्णांच्या लेखी हाच त्यांचा मोठा दोष! "कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य व्याकरण काय लिहिणार?" असे ते म्हणत आणि जीर्ण झालेल्या नेसफील्डला नवे कव्हर घालीत.

इतरांच्या घरी सोवळेओवळे असते तसे आमच्याकडे 'शॅल' आणि 'विल' होते. नियम असा : 'मी' आणि 'आम्ही' यांच्यापुढे साधा भविष्यकाळ सांगायचा तर 'शॅल'. तिथे 'विल' घातले की ते वचन झाले, निश्चय झाला, क्वचित धमकीही झाली. 'तू', 'तो' आणि 'ते' यांच्यापुढे सगळे नेमके उलटे. तिथे 'विल' हे साधे भविष्य, आणि 'शॅल' म्हणजे बोलणाराची आज्ञा किंवा हमी. चुकून कुणाचा हात भलत्या भांड्याला लागला की अण्णांची लाल-निळी पेन्सिल बाहेर येई. निळे टोक स्पेलिंगसाठी, लाल टोक व्याकरणासाठी. दादाच्या निबंधांची पाने पाहिली तर कुणाला वाटावे, पोराचा घोळणा फुटला आहे.

हा नियम शिकवताना अण्णा दर वर्षी बुडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत. गोष्ट फार जुनी आहे आणि इंग्रजांनी ती कधी स्कॉच माणसावर, कधी आयरिश माणसावर ढकलली आहे. नदीत पडलेला परका मनुष्य ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' त्याला म्हणायचे असते, मी बुडतोय हो, मला कुणी वाचवणार नाही! पण काठावरचे इंग्रज व्याकरणात पक्के. त्यांना ऐकू येते : मी बुडणारच, खबरदार कुणी मला वाचवाल तर! तेव्हा माणसाच्या निश्चयाचा मान राखून ते टोप्या काढून उभे राहतात. ही गोष्ट सांगून अण्णा स्वतःच डोळ्यांत पाणी येईतो हसत. वर्ग गप्प बसलेला असे. आई स्वयंपाकघरातून म्हणे, "मेला बिचारा, त्यात हसायचं काय एवढं?"

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला या दोन शब्दांच्या कुळाचा शोध घ्यायची हुक्की आली. म्हातारपणी लोक काशीला जातात, मी वाचनालयात जाऊ लागले. तेव्हा कळले, की इंग्रजीला भविष्यकाळाचे म्हणून क्रियापदाचे स्वतःचे रूपच नाही. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज वर्तमानकाळावरच भागवीत, आपण 'उद्या जातो' म्हणतो तसे. 'शॅल' हे तेव्हा स्वतंत्र क्रियापद होते आणि त्याचा अर्थ होता 'देणे लागतो'. जर्मन भाषेत याच कुळातला 'शुल्ड' हा शब्द आहे. त्याचा अर्थ कर्ज असाही होतो आणि अपराध असाही. 'विल'चा अर्थ होता 'इच्छितो'. आणि मौज अशी, की भाषापंडित या 'विल'चे नाते आपल्या संस्कृतातल्या 'वृ' धातूशी लावतात. वृ म्हणजे निवडणे, त्यावरून वर आणि स्वयंवर. म्हणजे इंग्रज मनुष्य 'मी येईन' असे म्हणतो तेव्हा तो मुळात एक तर 'येणे लागतो' असे म्हणत असतो, नाही तर 'यायला हवेसे वाटते' असे. कर्ज किंवा इच्छा! निव्वळ उद्याबद्दल बोलायला त्याच्यापाशी शब्दच नव्हता.

चौदाव्या शतकात विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले तेव्हा लॅटिनमधल्या भविष्यकाळाच्या जागी त्यांनी 'शॅल' घातला, त्यामुळे त्या शब्दाला देवळातला गंभीरपणा चिकटला. बाजारात आणि चुलीपाशी 'विल'च जास्त चाले. पुढे १६५३ साली ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिस नावाच्या प्राध्यापकाने परदेशी लोकांसाठी इंग्रजीचे एक व्याकरण लिहिले, आणि तेही लॅटिनमध्ये. 'मी'ला हा, 'तू'ला तो, ही वाटणी पहिल्यांदा नीट मांडली ती त्यात. हे वॉलिस भूमितीचे प्राध्यापक. अनंताची ती आडव्या आठासारखी खूण वापरात आणली तीही यांनीच, १६५५ साली. आता गणिती मनुष्याने व्याकरणात हात घातल्यावर समीकरणासारखा उलटसुलट नियम निघाला तर नवल काय! शंभर वर्षांनी बिशप लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात तो घेतला, तिथून तो पाठ्यपुस्तकांत शिरला, बोटीत बसून मुंबईला उतरला आणि नौपाड्यात आमच्या घरी येऊन राहिला.

खुद्द इंग्रजांना तो कितपत पाळता येई हा प्रश्नच आहे. १९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात या दोन शब्दांवर पानेच्या पाने लिहिली. पण आरंभीच सांगून टाकले, की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येते आणि इतरांना शिकून येणे कठीण. म्हणजे ज्यांना येते त्यांना ही पाने नकोत आणि ज्यांना हवीत त्यांना त्यांचा उपयोग नाही! १९२५ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने तर नाटकांतली वाक्ये मोजून दाखवले, की 'मी'पुढेही लोक 'शॅल'पेक्षा 'विल'च जास्त बोलतात. अण्णांना हे कुणी सांगितले असते तर ते म्हणाले असते, "चुका मोजल्याने चुकांचे नियम होत नाहीत."

हे सगळे मी हसत लिहिते आहे खरी, पण माझेही पाय मातीचेच. 'करीन' आणि 'बसेन' यांतला फरक आमच्या पिढीच्या कानात बसलेला. सकर्मक धातू असेल तर करीन, मारीन. अकर्मक असेल तर बसेन, पडेन. आता जो तो 'करेन' म्हणतो आणि माझ्या कपाळाला आठी पडते. तर ते असो.

दादा १९६६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला गेला. त्याच जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला होता. अण्णांनी काढलेले कर्ज एका रात्रीत तोकडे पडले, ते दुसरे काढून त्यांनी पुरे केले. खिशात मोजके आठ डॉलर घेऊन दादा सांताक्रूझ विमानतळावर उभा होता. आईच्या पाया पडला, अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो." आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाहीच. अण्णांनी फक्त "ये" म्हटले.

त्याची पत्रे येत. एका लिफाफ्यात दोन. अण्णांना इंग्रजीत, कारण सराव राहावा अशी त्यांची शिस्त. आणि आईला मराठीत, चतकोर कागदावर. अण्णा आपले पत्र वाचून दाखवीत. आई आपली चिठ्ठी एकटीच वाची आणि पदराला पुसून कुठेतरी ठेवून देई. त्या पत्रांत 'शॅल' जागच्या जागी असे. 'पुढल्या महिन्यात लिहीन', 'परीक्षा झाल्यावर कळवीन', सगळे 'आय शॅल'. अण्णा समाधानाने मान हलवीत.

१९६८च्या जानेवारीत आलेल्या पत्रात त्याने लिहिले, 'आय विल कम होम फॉर दिवाळी.'

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "विल!" ते म्हणाले. "प्रथम पुरुषी विल! मुद्दाम लिहिलंय त्यानं. इतके दिवस शॅल लिहीत होता की नाही? अगं, हे साधं भविष्य नव्हे, हे वचन आहे."

आई तांदूळ निवडीत होती. तिने वर न बघता विचारले, "येणार म्हणतोय की येईन म्हणतोय?"

"इंग्रजीत असला प्रश्न उद्भवत नाही," अण्णा म्हणाले. "विल म्हणजे येणारच."

त्यानंतर आमच्या घरात जी धांदल उडाली ती काय सांगू! अण्णा म्हणजे चार आण्यांची भाजी आणायची तर सहा वेळा विचार करणारा मनुष्य. त्यांनी मागच्या छोट्या खोलीला रंग काढला. तोही चुना नव्हे, ऑइलपेंट! पिंजाऱ्याला बोलावून नवी गादी भरून घेतली. शाळेत हेडमास्तरांपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत सर्वांना सांगून झाले. अनारशाचे पीठ या वेळी जास्त कर, असे त्यांनी आईला गणपतीतच बजावून ठेवले. आईने "बरं" म्हटले. तिने पीठ नेहमीइतकेच केले, हे मला आता आठवते. तेव्हा लक्षातही आले नव्हते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी पत्र आले. नवी नोकरी लागली होती, रजा मिळत नव्हती, तिकिटाइतके पैसेही साठले नव्हते. फार वाईट वाटते, वगैरे. अण्णांनी ते वाचून दाखवले नाही. माझ्या हातात दिले आणि फिरायला निघून गेले.

भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी मी उगीचच चंद्राला ओवाळून आत आले तर अण्णा टेबलाशी बसले होते. पुढे जानेवारीतले पत्र. 'विल'वर लाल पेन्सिलीची सरळ काट, आणि वर सुवाच्य अक्षरात 'शॅल'. दुसरा एक शब्दही नाही. तो कागद त्यांनी लिफाफ्यात घातला, पत्ता लिहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पेटीत टाकला. मी पाहिले हे त्यांना ठाऊक होते. मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत.

मग पत्रे थांबली. म्हणजे अण्णांची थांबली. आईला दर दोनतीन महिन्यांनी चिठ्ठी येई आणि तीत अण्णांना नमस्कार असे. घरात त्याचे नाव निघत नसे असे नाही, पण निघाले की अण्णांना काहीतरी काम आठवे. त्यांचा एक विद्यार्थी पुढे माझ्या बँकेत लागला. तो एकदा सहज म्हणाला, की आमच्या वर्षाला सरांनी ती बुडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितलीच नाही. वरच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकली. मी वर्ष विचारले. ते नेमके तेच होते.

१९७०च्या डिसेंबरात तार आली. (तार हा प्रकारच २०१३ साली बंद झाला, म्हणून नव्या वाचकांना सांगते, की तिच्यात शब्दागणिक पैसे पडत, तेव्हा माणसे व्याकरण गाळूनच लिहीत.) तारेत शब्द तीनच : 'अरायव्हिंग सॅटर्डे नाइट'. तारवाला आल्यावर घाबरायचे ही तेव्हाची रीतच, त्यामुळे आई दाराला धरून उभी. अण्णांनी तार दोनदा वाचली.

"कर्ता नाही," ते म्हणाले. "शॅल नाही, विल नाही. नुसतं धातुसाधित." आणि मग खुर्चीत बसून, बऱ्याच वेळाने : "हा येणार."

तो आला. तीन आठवडे राहिला. ऑइलपेंटच्या खोलीत निजला. बापलेक रेशनवर बोलले, इंदिरा गांधींवर बोलले, अमेरिकेतल्या थंडीवर बोलले. त्या पत्राचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. परत जाताना तो पुन्हा वाकून "येतो" म्हणाला, आणि अण्णांनी पुन्हा "ये" म्हटले. १९७४च्या श्रावणात अण्णा गेले. दादा पोचला तो तिसऱ्या दिवशी.

त्या लाल काटेने अण्णांना काय म्हणायचे होते, यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. आधी मला वाटे, ती नुसती बोचणी होती : वचन देता येत नाही तर शब्द तरी नीट वापरावा. पुढे वाटू लागले, की कदाचित त्यांनी मुलाला सोडवले असेल. 'विल'चे 'शॅल' केले की अण्णांच्या नियमाने वचन उरतच नाही. उरते साधे भविष्य, आणि साधे भविष्य चुकले म्हणून कुणी कुणाचे देणे लागत नाही. वचनभंगाची चूक त्यांनी व्याकरणाच्या चुकीवर आणून ठेवली. त्यांच्या हातात तेवढेच होते. मला हेच खरे वाटते; पण माणूस आपल्या बापाविषयी बरे तेच खरे मानायला बघतो, हेही आहे.

१९८९ साली मी न्यू जर्सीला दादाकडे गेले तेव्हा त्याने टेबलाच्या खणातून तो कागद काढून दाखवला. घड्यांवर झिजलेला, लाल रंग मात्र शाबूत. मी त्याला माझा अर्थ सांगितला. तो बघतच राहिला.

"मला उलटंच वाटलं गं," तो म्हणाला. "अण्णांचा नियम मला पाठ होता. पण इथं दोन वर्षं राहिल्यावर कान बदलतो. इथं 'आय विल' म्हणजे काहीच नाही, उठता-बसता म्हणतात. 'आय शॅल' म्हटलं की लोक चमकून बघतात, कोर्टात शपथ घेतल्यासारखं. मला वाटलं, अण्णा म्हणतायत : असं हलकं लिहू नकोस, शपथेवर लिही. ते काही मला लिहवेना. म्हणून पत्रच लिहिलं नाही. पैसे साठवले आणि आलो."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १९४२ साली फिलिपाइन्समधून बाहेर पडल्यावर जनरल मॅकआर्थर यांनी 'आय शॅल रिटर्न' असे म्हटले, ते साऱ्या अमेरिकेने प्रतिज्ञा म्हणून ऐकले. अण्णांच्या नियमाने पाहिले तर तो एक साधा अंदाज होता, उद्या पाऊस पडेल असे म्हणावे तसा. आमच्या राज्यघटनेतही कलमाकलमाला 'शॅल' आहे, आणि तिथे तो तृतीय पुरुषी असल्यामुळे आज्ञेचा; तेवढ्यापुरते वॉलिससाहेब आणि डॉ. आंबेडकर एकमेकांना धरून आहेत. पण नौपाडा आणि अमेरिका यांच्यामध्ये कुठेतरी समुद्रावर तराजूची पारडी उलटली होती. एकाने जड म्हणून वाचला तो शब्द दुसऱ्याने हलका म्हणून लिहिला होता; आणि एकाने हलका करून पाठवला तो दुसऱ्याला उचलवला नव्हता.

परत आल्यावर हे सारे मी आईला सांगितले. शॅल आणि विल तिला शक्य तितके सोपे करून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, उठून देवघराखालचा पत्र्याचा डबा काढला आणि चाळून चाळून एक चतकोर कागद माझ्या हातात दिला. १९६८च्या जानेवारीतली, त्याच लिफाफ्यातून आलेली तिची चिठ्ठी. दादाने लिहिले होते : 'यंदा दिवाळीला येईन म्हणतो. बघू कसं जमतंय.'

"म्हणजे आई, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"'येईन म्हणतो' म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं होय?"

"मग अण्णांना का नाही सांगितलंस?"

आईने डबा बंद केला. "काय सांगायचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोराच्या इंग्रजीवर खूष झाले होते," ती म्हणाली. "आणि नाहीतरी त्या खोलीला रंग द्यायला झालाच होता."